शेंदूरजन्याची ओसरी

अमरावती जिल्ह्यात शेंदूरजना एकच नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. तिवसा तालुक्यात आहे ते शेंदूरजना बाजार. खाली वाशीम जिल्ह्यात मानोऱ्याकडे गेलात, तर तिथे शेंदूरजना आढाव. आमच्या मामांचे गाव म्हणजे वरुड तालुक्यातले शेंदूरजना घाट. मामेबहिणीच्या लग्नाला निघालेले आमचे एक लांबचे नातलग आहेराची पितळी कळशी काखेत मारून थेट शेंदूरजना बाजारला जाऊन उतरले होते. तिथल्या लोकांनी त्यांना चहा पाजला, जेवायचाही आग्रह केला आणि मग योग्य त्या गाडीत बसवून दिले. ते घाटावर पोहोचले तेव्हा शेवटची पंगत उठत होती. तेव्हापासून आमच्या घरात पत्ता सांगताना ‘घाट’ या शब्दावर जरा जास्तच जोर पडतो.

हा घाट सातपुड्याचा. अमरावतीहून मोर्शी आणि मोर्शीहून वरुड असे निघालो, की कपाशीची आणि तुरीची रिकामी-भरली शेते मागे पडत जातात आणि दोन्ही अंगांना संत्र्यांच्या बागा सुरू होतात. उत्तरेला आधी निळसर आणि मग हिरवट दिसणारी डोंगराची रेघ. त्या रेघेपलीकडे मध्य प्रदेश. तिथल्याच पठारावर मुलताईला तापी उगम पावते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे अलीकडचे आणि ते पलीकडचे एकाच राज्यात होते. त्या दिवशी वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि डोंगर सरहद्द झाला. पण सोयरिकींना हे कोणी कळवले नाही. पांढुर्ण्याच्या लेकी अजून वरुडकडे येतात आणि वरुडच्या पांढुर्ण्याकडे जातात. दोन्हीकडची भाषा तीच, आणि भाजीतला तिखटाचा हात तर अगदीच तोच. अलीकडे अमरावती-नरखेड रेल्वेही झाली. तिच्यावरच्या वरुडच्या स्थानकाचे नाव ‘वरुड ऑरेंज सिटी’. ‘संत्रानगरी’ म्हटले असते तर गाडी थांबली नसती असे नाही. पण मराठीच्या प्राध्यापकाने स्थानकांच्या पाट्या वाचू नयेत, हेच खरे.

नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेकडून संत्रे आणले असे सांगतात. त्याला आता दोनशेहून अधिक वर्षे झाली. २०१४ साली ‘नागपुरी संत्रा’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. नाव नागपूरचे, पण झाडे पाहायची तर मोर्शी-वरुडकडेच यावे. आणि झाडांचे बाळपण पाहायचे असेल तर शेंदूरजन्याला. इथे कलमांच्या रोपवाटिकांचा मोठा धंदा आहे. जंबेरीचे रोप वाढवायचे, त्याच्या सालीत संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधून टाकायचे. थंडीच्या दिवसांत हे काम जोरात असते. ओळीत उकिडवे बसून माणसे दिवसभर डोळे भरत असतात. त्यांच्या बोटांचा वेग पाहिला की आपल्याला साधे पाकीटही नीट चिकटवता येत नाही याची लाज वाटते.

पण मी संत्र्यांवर लिहायला बसलेलो नाही. मला सांगायचे आहे ते थंडीविषयी, आणि त्या थंडीत सजणाऱ्या एका ओसरीविषयी.

विदर्भ म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला ऊन आठवते. मे महिन्यातला आमचा लौकिक मला नाकारायचा नाही. पण डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, ही गोष्ट तो माणूस सोयीस्करपणे विसरतो. समुद्र दूर, आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली ऊब वर फेकून देते आणि तिला थोपवून धरायला ढगाची चिंधीसुद्धा नसते. डोंगराच्या पायथ्याला आणखी एक भर पडते. थंड हवा जड असते, म्हणून रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली उतरते आणि गावात येऊन बसते. शेंदूरजन्याला पहाटे तीन-चारच्या सुमारास ती अंगणात उभी असल्याचे जाणवते. मामी म्हणतात, “सातपुडा झोपेत कूस पालटते.” भौतिकशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांना हे वाक्य मी सांगितले, त्यांनी ते मान्य केले.

मामांचे घर मातीचे, जाड भिंतींचे, कवेलूंचे. पुढे पाच खणांची ओसरी: तीन खण पूर्वेला, आणि मग काटकोनात वळून दोन खण दक्षिणेला, रस्त्याच्या बाजूला. खांब सागवानी. ‘ओसरी’ हा शब्द फार जुना आहे; प्राकृतात ‘ओसरिआ’ होता आणि त्याचा अर्थ हाच, दारापुढचा आडोसा. उलट ज्याला आपण ऐटीने व्हरांडा म्हणतो, तो पोर्तुगिजांच्या संगतीने हिंदुस्थानात वावरला, इथून इंग्रजांच्या बंगल्यात गेला आणि साहेबी टोपी घालून परत आपल्याच दारी आला. आमच्या भाषेत ओसरीवर एक म्हणही आहे. ती दिली की माणूस हातपाय पसरतो, अशी. म्हणीचा रोख कोणावर आहे तो असो. पण ओसरी ही वस्तूच अशी, की तिथे हातपाय पसरावेसे वाटावेत. घराच्या आत नाही आणि घराबाहेरही नाही. पाहुणा, मागतकरी, संत्र्याचा व्यापारी, पोस्टमन, शेजारणीचे लेकरू यांतल्या कोणालाही तिथे बसायला परवानगी लागत नाही.

दक्षिणेकडच्या त्या दोन खणांचे मोल मला कितीतरी वर्षे कळले नव्हते. ते एका हिवाळ्यात भूगोलाचे गणित मांडून पाहिले तेव्हा ध्यानी आले. गाव साडेएकवीस अक्षांशाच्या आसपास. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि वळचणीच्या आत उन्हाची काडी शिरत नाही. २१ डिसेंबरला तोच सूर्य भर दुपारी पंचेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे वळचण जमिनीपासून सहा फूट उंच असेल तर ऊन सहा फूट आत येते. मामांच्या आजोबांनी कोनमापक पाहिलाही नसेल. पण बंगई त्यांनी टांगली ती दक्षिणेच्या खणात, भिंतीपासून इतक्या अंतरावर, की डिसेंबरातल्या दुपारी तिच्यावर बसणाऱ्याचे पाय उन्हात आणि डोके सावलीत. (बंगई म्हणजे पुण्याकडचा झोपाळा. त्याला झोपाळा म्हटले की आमच्याकडे झोप येत नाही.)

मामा गेले त्याला आता तीन वर्षे होतील. ओसरी मामींच्या हाती आहे. तुळशीचे लग्न लागले, की त्या थंडीच्या ओसरीला लागतात. दिवाळीच्या सजावटीहून ही निराळी. दिवाळीची सजावट पाहुण्यांसाठी असते, ही बसणाऱ्यांसाठी.

पहिले काम भिंतींचे. पांढऱ्या मातीचा हात फिरवायचा आणि खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढायचा. मग सारवण. इथे मामींचा एक कटाक्ष आहे: उन्हाळ्यात सारवायचे ते पहाटे, हिवाळ्यात दहा वाजल्यावर, ऊन ओसरीत शिरले की. नाहीतर जमीन दुपारपर्यंत ओली राहते आणि गारठा वर येतो. वाळलेली सारवलेली जमीन पायाला फरशीसारखी चावत नाही. दगड पायातली ऊब चटकन ओढून घेतो, माती घेत नाही. शहरातल्या ज्या भगिनींच्या दारापुढे शहाबादी किंवा चकचकीत फरशी आहे त्यांनी सारवण कुठून आणावे? त्यांनी सतरंजी घालावी, आणि सतरंजीखाली जुन्या चादरींचा एक थर. त्यानेही पुष्कळ साधते.

दुसरे काम वाऱ्याचे. पूर्वेच्या ओसरीच्या उत्तर टोकाला तुराट्यांची ताटी उभी राहते. तुरीचे पीक यायला अवकाश असतो, म्हणून गेल्या सालच्या तुराट्या माळ्यावर राखून ठेवलेल्या. ताटीवर आतून तरटाचा पडदा. तरट म्हणजे धान्याची रिकामी पोती उसवून, धुऊन, जोडून घेतलेली. पण त्याच्या चारी कडांना मामींनी जुन्या लुगड्यांचे काठ शिवले आहेत. एका बाजूला त्यांच्या लग्नातल्या शालूचा काठ, दुसरीला सासूबाईंच्या नऊवारीचा, खालच्या बाजूला थोरल्या सूनबाईंच्या पहिल्या साडीचा. चौथी कडा यंदापर्यंत कोरीच होती. दुपारचे ऊन त्या पडद्यावर पडले, की पोत्याचा मळकट रंग मधासारखा होतो आणि काठातली जर चमकते. एवढे स्वस्त आणि एवढे देखणे काही मी शहरातल्या दुकानात पाहिलेले नाही.

मग बैठक. आपला मुलूख कापसाचा, तेव्हा इथे कमतरता नसावी. पिंजाऱ्याकडून गादी पिंजून घ्यायची ती थंडीच्या तोंडावरच. दबलेल्या कापसात ऊब नसते. ऊब असते ती कापसाच्या तंतूंत अडकलेल्या हवेत, आणि ती हवा पिंजल्याने परत येते. गादीवर घोंगडी, घोंगडीवर वाकळ. वाकळीचे ठिगळ कुणाचे कोणते ते मुले ओळखत बसतात. तो सुट्टीतला एक खेळच आहे.

खांबांना ज्वारीच्या कणसांचे झुपके बांधतात. ते चिमण्यांसाठी, पण चिमण्या आल्या की ओसरी आपोआप सजते, निराळे काही करावे लागत नाही. दारावर झेंडूच्या जोडीला पानासकट तोडलेल्या संत्र्यांच्या डहाळ्या. आंबिया बहाराची फळे याच दिवसांत उतरत असतात, तेव्हा त्यांना तोटा नसतो. संत्रे खाऊन झाल्यावर साल टाकून द्यायची नाही. ती बंगईच्या साखळीजवळ सुपात वाळत असते. संध्याकाळी घमेल्यात निखारे आले, की मूठभर वाळली साल त्यावर टाकायची. सालीतले तेल तडतडते, क्षणभर निळी-पिवळी ज्योत उठते आणि जो वास सुटतो त्याला अत्तराच्या दुकानात नाव नाही. मुलांचा उद्योग आणखी निराळा. संत्र्याची साल मधोमध गोल चिरून अर्धी वाटी सबंध सोडवायची. देठाकडच्या वाटीत मधला पांढरा दांडा उभा राहिला तर तीच वात. थोडे गोडेतेल घालून तिला जरा मुरू द्यायचे आणि पेटवायची. पाचांत एक पेटते. पण पेटली की सबंध वाटी आतून केशरी उजळते आणि पोरे अंधारात गप्प बसून राहतात. पोरांना गप्प बसवणारी दुसरी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

निखाऱ्यांबाबत मात्र एक गोष्ट हसत-खेळत सांगता येत नाही. घमेले ओसरीतच ठेवायचे. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. दर हिवाळ्यात उत्तरेकडून अशा बातम्या येतात. मामी शास्त्र जाणत नाहीत, पण त्यांचे फर्मान स्पष्ट आहे: “शेकाचं तं इथंच बसून शेका बाप्पा. इस्तो घरात न्यायचा नाही.”

थंडीत घराच्या उंबऱ्याबाहेर अशी एक उबदार जागा करण्याची हौस काही आपल्याच लोकांना नाही. जपानी घरांना ‘एन्गावा’ नावाची लाकडी ओसरी असते आणि तिथली म्हातारी माणसे हिवाळ्यात उन्हाला बसतात ती थेट आमच्या मामींसारखी. काश्मिरात कांगडी फिरनच्या आत शिरते. युरोप-अमेरिकेत दारावर सूचिपर्णी डहाळ्यांचे कडे टांगतात. आपापल्या झाडाची डहाळी दारी लावायची, ही रीत सगळीकडची एकच.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा ओसरी अशी सजून उभी होती. आणि घरात मात्र वाटणीची बोलणी चालली होती.

थोरला मामेभाऊ गावात राहून बाग पाहतो. बागेचे दिवस बरे नाहीत. या भागात विहिरी आणि कूपनलिका खोल-खोल जात राहिल्या आणि भूजल आटत गेले, फळगळ होते, आणि ज्या बांगलादेशात इथले संत्रे हमखास जाई, त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेल्याने तिकडची वाट अरुंद झाली. थोरल्याच्या मनात रस्त्याच्या बाजूला दोन गाळे काढून भाड्याने द्यायचे होते. त्यात गैर काहीच नव्हते. दोन मुली शिकायच्या आहेत. अडचण एवढीच की रस्ता दक्षिणेला होता, आणि दक्षिणेला होते ते बंगईचे दोन खण.

धाकटा पुण्याला असतो. तो सहकुटुंब आला होता. धाकट्या सूनबाईंनी येताना पिवळ्या दिव्यांच्या माळा आणि रंगीत अभ्रे आणले होते. थोरल्या सूनबाईंनी ते पाहून काही न बोलता स्वयंपाकघर गाठले, तेव्हा मला जरा काळजी वाटली. पण मामींनी माळ हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “लाव ना. कणसाच्या मंगून लाव. पाखराच्या डोळ्यात नको जाऊ दे.” धाकट्या सूनबाईंनी तशी लावली, आणि खरे सांगायचे तर फार छान दिसली.

त्याच रात्री निखाऱ्यांभोवती विषय निघाला. थोरल्याने मोजपट्टी आधीच फिरवली होती. आकडे त्याच्या ओठांवर होते: इतके फूट रुंदी, इतके भाडे, इतके अनामत. धाकटा एकदम म्हणाला, “दादा, बाकी काय हवं ते घे. ओसरी माझ्या हिश्श्यात लिही. मी तिला हात लावणार नाही.”

थोरला हसला, पण ते हसू सरळ नव्हते. “तू वर्साचे सा दिवस येतं,” तो म्हणाला. “बाकीच्या दिवसाले सारवन कोन करीन? कवेलू कोन फेरीन? माकडं येतात तं कोन हाकलीन?”

धाकट्याला उत्तर सुचले नाही. मलाही सुचले नाही. शहरात राहून गावाकडच्या ओसऱ्यांवर प्रेम करणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच तो प्रश्न होता, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. सुपातली साल कोणी टाकत नव्हते. बंगईची कडी मात्र करकरत होती; थोरल्याची धाकटी मुलगी झोका घेत होती.

मामी बऱ्याच वेळाने बोलल्या. “गोठा काऊन नाही मोजला?” त्यांनी विचारले. गोठा रस्त्यालाच लागून आहे, पश्चिमेच्या टोकाला. शेवटची गाय गेल्यावर तो रिकामाच होता. त्यात फवारणीचे पंप आणि मोडकी खोकी पडलेली. थोरला म्हणाला, मोजला आहे. तिथे एकच गाळा निघतो, दोन निघत नाहीत.

“तं एकच काढ. त्याचं भाडं सगळं तुहं. धाकट्याचा त्यात हिस्सा नाही.” मग धाकट्याकडे वळून: “तुले ओसरी पाह्यजे ना? मंग दर साली कवेलू फेरायचा पैसा तू देशीन. दादाले मांगावं नाही लागलं पाह्यजे.”

“आणि सारवण?” थोरल्याने विचारले. आता त्याचा आवाज खाली आला होता.

“मी हाओ तवरिक मी सारवीन. मंगचं मंग पाह्यजा.”

एका गाळ्याचे भाडे दोन गाळ्यांइतके होत नाही, हे त्या रात्री तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत होते. थोरल्याला सर्वांत जास्त कळत होते, कारण मुलींची फी त्याला भरायची होती. धाकट्याने नंतर त्याला अंगणात नेऊन काही सांगितले. काय ते मी विचारले नाही. परत आले तेव्हा थोरल्याने मोजपट्टी खुंटीला अडकवली आणि मुलीला बंगईवरून उचलून आत नेले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता, ऊन आत शिरल्यावर, मामी सारवायला बसल्या. धाकट्या सूनबाई जवळ उभ्या होत्या. मग पदर खोचून त्याही बसल्या. पहिला हात जाड पडला, दुसरा त्याहून जाड. मामींनी काही सुधारले नाही. दुपारी धाकट्या सूनबाईंनी आपल्या पिशवीतून एका साडीचा काठ काढून दिला आणि तरटाच्या चौथ्या कडेला तो शिवला गेला. रंग जरा भडक आहे. दोन-तीन उन्हाळे गेले की मिळून येईल.

गोठा उपसायला मिस्त्री आला तो माझ्या निघायच्या दिवशी. आतून दगडी डोण निघाली, गुरांना पाणी पाजायची. चार माणसांना उचलेना अशी. थोरला म्हणाला, फोडून पायात घालू. मामींनी ती फोडू दिली नाही. पहारी लावून, दोर बांधून, दोन्ही भावांनी आणि मी मिळून ती दक्षिणेच्या खणाच्या कोपऱ्यात सरकवत आणली. सारवलेल्या जमिनीला लांबच लांब ओरखडा पडला. मामींनी तिच्यात माती भरली आणि परसातल्या शेवंतीची मुळ्या धरलेली रोपे हातभर अंतरावर लावून घेतली. लावताना त्या दोनदा उठून बंगईजवळ जाऊन आल्या, ऊन डोणीपर्यंत किती वाजता येते ते पाहायला.